तीनच उत्तरे

१

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी राजुरीचे चौघे जण पहाटे सायकली बाहेर काढीत, कुकडी, मीना आणि घोड या तिन्ही नद्यांची खोरी पालथी घालीत आणि उन्हे कलण्याच्या आत घरी परतत. चार वर्षांत हा नेम क्वचितच मोडला होता. ओळ ठरलेली असे. सर्वांत पुढे दादाभाऊ; निवृत्त मुख्याध्यापक, एकादशीच्या भजनात चिपळ्या धरणारे, वय बासष्ट. त्यांच्यामागे दूध संकलन केंद्र चालवणारा भिमाजी. त्याच्यामागे गावच्या शाळेत शिकवणाऱ्या वैजयंतीबाई. आणि शेवटी दादाभाऊंचा धाकटा भाऊ अमृत.

सायकल चालवताना मागे वळून पाहायचे नाही, असा दादाभाऊंचा दंडक होता. दोन वर्षांपूर्वी भिमाजीने मागच्यांना पाहायला मान वळवली आणि सायकलीसकट तो कालव्यात गेला, तेव्हापासूनचा. पण मागचे माणूस सुटले तर पुढच्याला कळावे कसे? त्यावर तोडही दादाभाऊंनीच काढली. अधूनमधून त्यांनी पुढून "राम कृष्ण" असे म्हणावे आणि मागच्यांनी ओळीने, एकेकट्याने, "हरी" म्हणून ते नाम पुरे करावे. पहिला हरी भिमाजीचा, दुसरा वैजयंतीबाईंचा, तिसरा अमृतचा. तीन उत्तरे आली की ओळ शाबूत आहे असे समजायचे.

या युक्तीचा दादाभाऊंना मनातून अभिमान होता. अर्धे नाम पुढे, अर्धे मागे, आणि मधे माणसे ओवलेली. देहाला व्यायाम, वाणीला नाम आणि वर सुरक्षितताही. भजनी मंडळात त्यांचे हे तीन-चारदा सांगून झाले होते.

त्या कार्तिकातल्या रविवारी मात्र निघताना अंगणात थोडी कुरबुर झाली. अमृतच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत गेल्या वर्षी दोन जाळ्या बसवल्या होत्या आणि त्यानंतर तो इतक्या लांब प्रथमच निघाला होता. त्याची बायको स्नेहल शाल लपेटून उंबऱ्यावर उभी होती.

"दादा, डॉक्टर सपाटीवर सायकल चालवा म्हणाले. घाटाचं काही म्हणाले नाहीत."

"अगं, घाट न्हाई त्यो," अमृत टायर दाबून पाहत म्हणाला. "चढ हाये नुसता."

"त्याला काहीही म्हणा. वर चढताना छातीलाच चढावं लागतं." मग ती दिराशी नव्हे, थोरल्या माणसाशी बोलावे तसे जपून बोलली. "दादा, तुम्ही नेताय म्हणून मी गप्प बसते. यांना तुम्हीच घरी आणून सोडा."

"आणून सोडतो," दादाभाऊ म्हणाले. "काळजी करू नकोस."

डॉक्टरांना चढाविषयी विचारून घ्यावे, असे त्यांच्या मनात दोनदा येऊन गेले होते. नको म्हणाले असते तर चौघांचे तिघे झाले असते, म्हणून त्यांनी विचारले नव्हते.

२

लेण्याद्रीच्या पायथ्याशी चौघांनी सायकली टेकवल्या आणि डोंगरातल्या गिरिजात्मजाला खालूनच हात जोडले. एरवी ते पायऱ्या चढून जात. आज अमृतसाठी तो बेत टाळला होता. मग जुन्नर मागे पडले. द्राक्षांच्या बागा, उसाचे फड, फडाच्या कडेला बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी, नव्या कांद्यावर पडलेले दव, सारे नेहमीचेच होते.

"राम कृष्ण," दादाभाऊ म्हणाले.

"हरी," भिमाजीचा भरड आवाज आला.

"हरी," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"ह... री," अमृत म्हणाला.

त्याचे उत्तर ओळखायला कान द्यावा लागत नसे. जाळ्या बसवल्यापासून त्याचा श्वास शब्दाच्या मधोमध तुटत असे, आणि दोन अक्षरांमध्ये रिकाम्या भांड्यात हवा फिरावी तसा एक बारीक आवाज होई.

मीनेचा पूल ओलांडून रस्ता डोंगराच्या कुशीला लागला. चढ सुरू झाला तशी बोलणी थांबली. साखळ्यांचा आवाज आणि चार माणसांचे श्वास एवढेच उरले. अर्ध्या चढावर दादाभाऊंनी नाम टाकले. भिमाजीचा हरी आला. वैजयंतीबाईंचा आला. अमृतचा तुटका आला. दादाभाऊ पायावर जोर देणार, तोच चौथा आला.

"हरी."

हळू, नेमका, आपली पाळी येईपर्यंत थांबून मग दिलेला. या ओळीत वर्षानुवर्षे सायकल चालवणाऱ्याने द्यावा तसा.

दादाभाऊंनी मान वळवली नाही. डाव्या हाताला उभा कडा होता. कड्यावरून आवाज परत येतो, हे त्यांनी हजारो मुलांना शिकवले होते. त्यांनी दोन वळणे जाऊ दिली. कडा सरला, दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरे आली, आवाजाला आपटायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा नाम घेतले. या वेळी अगदी हलक्या आवाजात, भिमाजीला जेमतेम ऐकू जाईल एवढ्या.

तीन उत्तरे आली, पुढच्याचे ऐकून मागच्याने दिलेली. मग त्यांच्याइतक्याच हलक्या आवाजात चौथे आले.

शाळेच्या हजेरीपटावर एखादे अनोळखी नाव दिसले तर दादाभाऊ आधी कारकुनाची चूक शोधत. आताही त्यांनी तसेच केले. कोणी वाटसरू सायकलवाला मागे लागला असेल. वारकऱ्याचे पोर असेल, नाम ऐकून त्याला राहवले नसेल. हरी म्हणणाऱ्याला ओळीबाहेर काढणारे आपण कोण? हा विचार त्यांना आवडला. तो त्यांनी मनात दोनदा घोळवला आणि त्याच्या आडोशाने उरलेला चढ चढून गेले.

३

घोडेगावात नदीकडेच्या टपरीवर चहा सांगितला. सायकली भिंतीला टेकल्या. त्या चारच होत्या आणि मागचा रस्ता दूरवर मोकळा होता.

"गुरुजी, आज मागं नवी भरती केली का काय?" भिमाजीने बशीत चहा ओतत विचारले.

"तुलाही ऐकू आलं?"

"आलं की. मला वाटलं, अमृतभाऊ दोन-दोनदा हरी म्हणून पुण्य साठवत्यात."

वैजयंतीबाई हसल्या नाहीत. "तो पुरुषाचा आवाज नव्हता," त्या म्हणाल्या. "बाईचाही नव्हता."

"मंग बिबट्याचा आसंल. बिबट्या हरी म्हणाया लागला तर म्या सोता त्याला दुधाचा रतीब घालीन, बाई. फुकट."

"भिमाजी, पुरे," दादाभाऊ म्हणाले.

अमृतने कप हातात धरला होता, पण ओठाला लावला नव्हता. त्याच्या कपाळावरचा घाम सुकून मिठाची रेघ उमटली होती.

"दादा, मागं कोणतरी हाय," तो म्हणाला. "सायकलीचा आवाज येतोय. म्या कडंला घेतलं, म्हणलं जा पुढं राव. तर जाईना. म्या पायडल थांबवलं की त्यो बी थांबवतो, पर लगीच न्हाई. जरा दमानं. माझं चाक कसं वाजतं त्ये आधी ऐकून घेतल्यागत."

"तू पाहिलंस त्याला?"

"तुमीच म्हणता की, मागं बघायचं न्हाई."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"दादा," अमृत खाली पाहत म्हणाला, "जाताना मला मधी घ्या."

मागणी लहान होती. शेवटची जागा मग कोणाला द्यायची, एवढाच प्रश्न होता. वैजयंतीबाईंना ती देणे शोभले नसते. भिमाजीला सांगितले असते तर तो थट्टा करीत गेला असता. आणि दादाभाऊंनी स्वतः मागे जाणे तर सर्वांत सोपे होते. पुढे राहायला रस्ता भिमाजीलाही पाठ होता. कपातला चहा संपेपर्यंत दादाभाऊंनी हे सगळे नीट पाहिले. आपल्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, तो हलका आवाज येतो आहे असे त्यांनी एकदा कल्पून पाहिले. मग कप खाली ठेवला.

"ओळ बदलायची नाही," ते म्हणाले. "भय वाटतं तिथंच नाम घ्यायचं असतं, अमृत. भय नसताना घेतलेल्या नामाची किंमत काय?"

बोलताना आपल्या आवाजाला कीर्तनाचा रंग चढला, हे त्यांना कळले. तो का चढला, हेही कळले. त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

"बरं," अमृत म्हणाला. थोरल्या भावाला तो आयुष्यभर हेच म्हणत आला होता.

४

परतीचा रस्ता आडवा होता. घोडनदीचे खोरे सोडून, मधली डोंगराची सोंड चढून, पुन्हा मीनेच्या खोऱ्यात उतरणारा. वाहने तुरळक. सूर्य डोक्यावर आला होता आणि कापलेल्या भाताचा वास उन्हात तापत होता.

पहिल्या हाकेला चार उत्तरे आली. दुसऱ्या हाकेलाही चारच. तिसऱ्या हाकेला ओळ बदलली.

भिमाजी म्हणाला, "हरी." वैजयंतीबाई म्हणाल्या, "हरी." मग ते आले, स्वच्छ आणि हळू. आणि त्याच्यानंतर, बरेच मागून, अमृतचा तुटका श्वास आला.

म्हणजे मागे असलेले आता मधे आले होते. वैजयंतीबाईंच्या मागे आणि अमृतच्या पुढे.

इथे दादाभाऊंना थांबता आले असते. ब्रेक दाबायचा, पाय टेकायचा, वळायचे आणि पाहायचे. त्यासाठी चार बोटे पुरे होती. पण वळून पाहिले आणि तिथे कोणी नसले, तर चौघांच्या वेडेपणाची गावभर चर्चा झाली असती. आणि कोणी असले तर? या दुसऱ्या प्रश्नापाशी त्यांची बोटे ब्रेकवरून निघाली. भयाच्या जागी त्यांना एकदम राग आला. बत्तीस वर्षे ज्या रागाने त्यांनी वर्ग गप्प केले होते, तोच. समोर पाहत, चढावर धापा टाकीत, ते मोठ्याने म्हणाले,

"आपण चौघं आहोत. माझ्यामागं तिघं. मला तीनच उत्तरं हवीत. चौथं ऐकू येता कामा नये."

भिमाजीनेही थट्टा केली नाही. सायकली चढत राहिल्या.

सोंडेचा माथा आला. खाली मीनेचे खोरे उन्हात पसरले होते. ओढ्याच्या काठाने जांभळाची झाडे, पलीकडे उसाच्या हिरव्या पट्ट्या. दादाभाऊंनी श्वास घेतला.

"राम कृष्ण."

"हरी," भिमाजी.

"हरी," वैजयंतीबाई.

"हरी," अमृत.

आणि मग काही नाही. वाऱ्याचा आवाज तेवढा.

उतार लागला. दादाभाऊंनी पुन्हा हाक दिली. तीनच. ओढ्यावरचा छोटा पूल गेला, पुलानंतरचे आखूड वळण गेले, पुन्हा हाक, पुन्हा तीनच. अमृतचा आवाज तर त्यांना विशेष सुखावून गेला. शब्द मधे तुटला नव्हता. दोन्ही अक्षरे एका श्वासात, सरळ, तरुणपणी तो भजनात म्हणत असे तशी आली होती. उताराने त्याला दम मिळाला असेल, दादाभाऊंच्या मनात आले. की नामानेच मिळाला असेल? त्यांचे डोळे भरून आले. सकाळी स्नेहलला दिलेला शब्द आता खरा होणार होता. देवाने आपली लाज राखली, असे म्हणून त्यांनी हाताची पकड सैल केली आणि केवळ तो आवाज ऐकावा म्हणून, गरज नसताना, आणखी तीन वेळा हाक दिली.

तिन्ही वेळा तो आला. दर वेळी थोडा अधिक गोड.

५

उतार संपून रस्ता डोंगराला वळसा घेतो आणि थोडा वर येतो, तिथे एक औदुंबर आहे. त्याच्या पारावर नेहमीचा विसावा. दादाभाऊ उतरले. भिमाजी आला, त्याने बाटली तोंडाला लावली. वैजयंतीबाई आल्या, सायकल पाराला टेकवून चष्मा पुसू लागल्या.

"अमृत?" दादाभाऊंनी विचारले.

"हे काय, मागंच आहेत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आत्ता तर म्हणाले. अगदी कानाशी." मग त्या मागे वळल्या आणि चष्मा पुसणारा हात तसाच राहिला.

रस्ता वळणापर्यंत मोकळा होता. डांबरावर ऊन थरथरत होते.

"चाक पंक्चर झालं आसंल," भिमाजी म्हणाला. त्याने थोडी वाट पाहिली. "न्हाईतर ते आपलं... उभं राहिलं असतील कुठं झाडाआड."

वैजयंतीबाईंनी फोन लावला. घंटी जात होती. कोणी उचलला नाही. वळणाकडूनही घंटीचा आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा लावला, मग फोन कानाशी धरून दादाभाऊंकडे नुसते पाहत राहिल्या.

दादाभाऊंनी रिकाम्या रस्त्याकडे तोंड केले. त्यांनी ते दोन शब्द उच्चारले. हाक म्हणून नव्हे, एखादे दार बंद आहे का ते ढकलून पाहावे तसे.

"राम कृष्ण."

भिमाजीने आणि वैजयंतीबाईंनी उत्तर दिले नाही. पण उत्तर आले. डांबरावरून, दहा पावलांवरून, जिथे काही नव्हते तिथून, अमृतच्या आवाजात, अखंड, आनंदी.

"हरी."

भिमाजीच्या हातातली बाटली कलंडून पाणी पारावर वाहू लागले. ती सरळ करायला कोणीच हात पुढे केला नाही.

"गुरुजी," भिमाजी म्हणाला, "मघाधरनं तीनच येत व्हती. मंग तिसरं कुणाचं व्हतं?"

दादाभाऊंनी सायकल वळवली. "तुम्ही दोघं इथंच थांबा. तो मागून आला तर इथं कुणीतरी हवं. मी त्याला घेऊन येतो."

"म्या येतो की संगं."

"नको म्हटलं ना."

अमृत सापडेल तेव्हा तो काय बोलेल, हे दुसऱ्या कोणी ऐकू नये असे त्यांना वाटत होते.

६

ओढ्याच्या पुलाला कठडा नव्हता. कडेच्या मुरमात टायरची एक रेघ सरळ गेली होती आणि मग मुरूम संपला होता. खाली दगडांत सायकल पडली होती. तिचे मागचे चाक अजून फिरत होते; इतका वेळ चाक फिरत नाही, हे दादाभाऊंना माहीत होते, तरी ते बसत, घसरत खाली उतरले.

अमृत लव्हाळ्यात पाठीवर पडला होता. डोळे उघडे होते. एक पाय नको त्या दिशेला वळला होता आणि ओठ निळे पडले होते. दादाभाऊंनी त्याच्या खिशातली हृदयाची गोळी काढून त्याच्या जिभेखाली ठेवली. फोन पाहिला. ओढ्याच्या खाचेत रेंज नव्हती. ते उठू लागले, तेव्हा अमृतने त्यांची बाही धरली.

"जाऊ नका," तो म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याला नवा श्वास घ्यावा लागत होता.

"वर जाऊन फोन करतो. लगेच येतो."

"मी उत्तर देत व्हतो, दादा."

"ऐकलं मी. ऐकलं."

"न्हाई. तुमी म्हणलात, तीनच. मंग माझा आवाजच फुटंना." त्याने ओठ हलवून दाखवले, आवाजाविना. "म्या तोंड उघडायचो. आन त्ये पुढनं यायचं. माझंच. म्या लई जोरात पायडल मारलं. तुमास्नी गाठावं म्हणून. तुमच्याजवळ यावं म्हणून."

दादाभाऊंनी त्याच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली काहीतरी पक्ष्यासारखे फडफडत होते. समोर मान वर केली तर त्यांना औदुंबर दिसला. रस्त्याने तो दोन किलोमीटरवर होता, कारण रस्ता डोंगराला वळसा घालून जात होता. ओढ्यावरून सरळ पाहिले तर मधे दोनच वावरे होती. पारावर बसलेला भिमाजी आणि त्याच्याशेजारी उभ्या वैजयंतीबाई स्पष्ट दिसत होत्या. हाक तिथे सहज पोचली असती. दादाभाऊंना हायसे वाटले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

तेवढ्यात वैजयंतीबाईंनी हात वर केला. इकडे नव्हे, रस्त्याकडे, वळणाकडे. कोणी येताना दिसले की करतात तसा. भिमाजी उठला. दोघांच्या अंगातला ताण एकदम सुटला, हे एवढ्या अंतरावरूनही कळत होते. भिमाजीने पोटावर हात ठेवून मोठ्याने हसून घेतले. त्याचे शब्द वाऱ्यावर तुकड्यांनी आले.

"...जीव घेतला की राव आमचा... काय अमृतभाऊ, कुठं दडून बसला व्हता..."

झाडाच्या सावलीत कोण आले होते ते दादाभाऊंना दिसले नाही. खोडाआड आणखी दोन सायकलींची चाके होती, एवढेच.

"भिमाजी," दादाभाऊ ओरडले. "भिमाजी. वैजयंतीबाई. इकडं खाली."

वैजयंतीबाईंनी मान तिरकी केली. कान दिला. ओढ्याच्या दिशेने त्या एक पाऊल पुढेही आल्या. मग सावलीतून कोणीतरी त्यांना काहीतरी सांगितले, थोडक्यात, धीर देणाऱ्या सुरात, आणि त्या ओशाळल्यासारख्या हसल्या व सायकलीकडे वळल्या.

दादाभाऊ ओरडत राहिले. दोन वावरांपलीकडे ती दोघे सायकलींवर बसली. ओळ लागली. आणि मग तिकडून हाक आली. दादाभाऊंना आपला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकण्याची सवय नव्हती. भजनाच्या ध्वनिफितीत तो त्यांना नेहमी परका वाटे. हा परका वाटला नाही.

"राम कृष्ण."

"हरी," भिमाजी मोकळ्या गळ्याने म्हणाला.

"हरी," वैजयंतीबाई म्हणाल्या.

तिसरे उत्तर आले नाही. रस्त्यावर ओळ थांबून राहिली. पुढचा जो कोणी होता तो घाई करीत नव्हता. मागे वळूनही पाहत नव्हता. तो वाट पाहत होता.

दादाभाऊंना कळले. त्यांनी दुसरा तळहात अमृतच्या तोंडावर दाबला. "नको," ते म्हणाले. "अमृत, बोलू नकोस. ऐक माझं. उत्तर देऊ नकोस."

अमृतची नजर त्यांच्यावर नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून औदुंबराकडे, त्या आवाजाकडे लागली होती. सकाळपासून प्रथमच त्याचा चेहरा सैल झाला होता. थोरल्याने हाक दिली होती, आणि पाळी त्याची होती. दादाभाऊंच्या बोटांच्या फटींतून त्याने संपूर्ण, न तुटलेल्या श्वासात म्हटले,

"हरी."

छातीवरच्या तळहाताखालची फडफड थांबली.

पलीकडे ओळ हलली. झाडाच्या सावलीतून ती एकामागून एक उन्हात आली. पहिल्या स्वाराची पाठ ताठ होती, मुख्याध्यापकाची. मग भिमाजी, मग वैजयंतीबाई. सर्वांच्या मागे एक जण होता, पायडल सहज मारीत, छातीवर कसलाही भार नसल्यासारखा. वळणाशी त्याने दंडक मोडला. मान वळवून त्याने ओढ्याकडे पाहिले, आणि त्या चेहऱ्यावर काय होते हे नीट दिसण्याआधी तो डोंगराआड गेला.

तिथून राजुरीपर्यंत रस्ता चांगला होता, आणि दिवेलागणीला अजून पुष्कळ अवकाश होता.